चार काठ्या

कॅमिल बोझमनच्या पत्राला होझिया टिलरींनी उत्तर दिलं नव्हतं. ऑक्टोबरात आलेलं पत्र फेब्रुवारी उजाडला तरी शब्दकोशात घडी होऊन पडलं होतं. फेब्रुवारीत साजऱ्या होणाऱ्या आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाच्या महिन्यासाठी ती जुन्या चित्रफिती जमवत होती. माउंट नीबो चर्चच्या तळघरात तिला एक मूक चित्रफीत सापडली होती. सत्तेचाळीस सालची, तीन मिनिटांची. तिने लिहिलं होतं, ‘याझू नदीवरचा बाप्तिस्मा दिसतो. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका आहेत, काठीने पाण्याची खोली पाहणारे डीकन आहेत. त्या वेळचे आता तुम्हीच उरलात. हा बाप्तिस्मा कुणाचा, सांगाल?’

टिलरींना ठाऊक होतं. पण तेव्हा ते सहा वर्षांचे होते, आणि ही विद्यापीठात शिकवणारी बाई. शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं लावली. लिहिलेल्या ओळीला चूक म्हणायची हिंमत त्यांना कधी झाली नव्हती. पाच वेळा उत्तर लिहायला बसले, पाचही कागद फाडले.

आता शनिवारी दुपारी, ती फीत दाखवायच्या कार्यक्रमाला, ते थिएटरच्या बाल्कनीत बसले होते. खाली हव्या तेवढ्या खुर्च्या मोकळ्या होत्या. पण त्यांच्या तरुणपणी गोरे लोक आपल्या माणसांना खाली बसू देत नसत, आणि पाय आपसूक जिन्याकडे वळले होते. त्यांच्या मागोमाग धापा टाकत वर आलेल्या, चर्चमधल्या ओळखीच्या सिस्टर अर्नेस्टीन म्हणाल्या, की ब्रदर टिलरींना अजून तिकीटवाल्याची भीती वाटते, आणि त्यापायी आपल्या गुडघ्यांना शिक्षा.

पडद्याखाली ऑर्गन, ड्रम, ट्रंपेट आणि चर्चची गाणारी मंडळी सज्ज होती. दिवे मालवले. नदी दिसली.

सहा जण ओल्या पांढऱ्या झग्यांत काठावर उभे होते. मग चर्चचे सेवेकरी, चार डीकन, चार काठ्या घेऊन पाण्यात उतरले, आणि खाली लोकांनी ताल धरला. बाप्तिस्म्याला एकच डीकन पुढे जातो, एकच काठी घेऊन, सरळ आत. हे चौघे ओळ धरून प्रवाहाबरोबर खाली खाली चालले होते आणि पावलापावलाला काठीने तळ चाचपत होते. काठावर एका बाईला पांढरे हातमोजे घातलेल्या दोघींनी दंडांना धरून ठेवलं होतं. ती मागेपुढे झोकांडत होती.

“बघा, कसा आत्मा उतरलाय तिच्यावर,” अर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

ती टिलरींची आई होती. ड्रमवाल्याने नेमका तेव्हाच हात मोकळा सोडला.

टिलरी उठले. त्यांनी कठडा धरला. “हा बाप्तिस्मा नाही,” ते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ते मोठ्याने म्हणाले, “थांबवा. ती बुडालीय.”

“सांगा, ब्रदर, सांगा,” खालून कुणी तरी म्हणालं.

“माझी बहीण बुडालीय.”

“बुडालो होतो आपण सगळेच,” दुसऱ्या कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, “आणि प्रभूने हात देऊन वर काढलं.”

माणसं माना वळवून बाल्कनीकडे बघू लागली. म्हातारं माणूस उभं राहिलं आणि त्याचा आवाज थरथरला, की माउंट नीबोत त्याला कुणी थांबवत नाही; ती श्रद्धेची साक्ष समजून शब्दाला शब्द देऊन सावरून धरतात. टिलरींनी ‘थांबवा’ म्हणावं आणि ट्रंपेटने ते उचलावं. ‘बुडाली’ म्हणावं आणि सगळ्या हॉलने ‘हो, प्रभू’ म्हणावं. ड्रमवाल्याने तर वर बघून मान डोलावली आणि त्यांच्याच शब्दांवर ठेका बांधला. त्यांचा गळा जसजसा फाटत गेला तसतशा टाळ्या वाढत गेल्या. शेवटी आवाज उमटेनासा झाला, तेव्हा सगळं थिएटर उभं होतं. पडद्यावर काठ्या नदीच्या वळणाआड गेल्या आणि फीत संपली.

कॅमिल धावत जिना चढून आली. तिचे डोळे भरले होते.

“पत्राला उत्तर नाही दिलंत म्हणून मी किती रागावले होते, काका,” ती म्हणाली. “हे असं द्यायचं होतं होय?”

आजचं सगळं ध्वनिमुद्रण झालं होतं. सोमवारी ते चित्रफितीला जोडून वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला जाणार होतं, आणि टिलरींचा आवाज तसाच राहणार होता. त्याच्याशिवाय आता ती चित्रं बघवणारच नाहीत, असं ती म्हणाली. टिलरींनी तिचं मनगट घट्ट धरलं. गळ्यातून नुसती हवा आली. तिने त्यांच्या कपाळाचा मुका घेतला, हात हलकेच सोडवला, आणि खालून हाका येत होत्या तिकडे गेली.

समोरच्या औषधांच्या दुकानात टिलरींनी कागद, पाकीट आणि तिकीट घेतलं. काउंटरशी उभ्यानेच लिहायला लागले. ‘माझी आठवण चुकत असेल, पण’ एवढं लिहून झालं आणि त्यांनी ते असं खोडलं, की कागद फाटला. दुसऱ्या कागदावर लिहिलं:

‘बाप्तिस्मा सहा जणांचा झाला. सातवी माझी बहीण ओझेला, वय अकरा. पाद्रीबुवांचा मेहुणा कॅमेरा चालवत होता, तो चालवतच राहिला. काठ्या तिला शोधत होत्या. तिथे ड्रम नको. माझा आवाजही नको. काही वाजवू नका.’

ते रस्ता ओलांडून परत आले, तोवर थिएटरला कुलूप लागलं होतं. कॅमिलची गाडी जॅक्सनच्या रस्त्याला लागली होती. कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीवर लिहिलं होतं, पुढची टपाल उचल सोमवारी, सकाळी दहा.

टिलरींनी झाकण ओढून पाकीट आत सोडलं. ते तळाला लागल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी झाकण तसंच धरून ठेवलं.