न कापलेली पानं

हैदराबादच्या मलकपेठेतल्या शिवराजरावांकडे धर्म आणि तत्त्वज्ञानावरच्या जुन्या फ्रेंच पुस्तकांनी भरलेलं काचेचं कपाट होतं. त्यात सर्वांत मानाची होती अठराव्या शतकातली एक पहिली आवृत्ती. तिची कडेला जोडलेली, वाचण्याआधी कापावी लागणारी पानं आजवर कुणी कापलीच नव्हती, म्हणून संग्राहकांत तिला तोड नव्हती. "माणसाच्या बुद्धीची कवाडं उघडणारं पुस्तक आहे," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. फ्रेंच त्यांना येत नव्हतं.

रविवारी शहरातले संग्राहक मुद्दाम ते पुस्तक बघायला आले. शिवराजरावांनी पांढरे हातमोजे घालून ते अलगद उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. सगळी पानं सुबक कापलेली होती.

"योगिनी, हे कुणी केलं?"

"मीच," चहाचा ट्रे ठेवत बायको म्हणाली. "क्लास लावून फ्रेंच शिकले ना. फार सुंदर लिहिलंय हो."

चहाला कुणी हात लावला नाही. एकेक जण उठला आणि शिवराजरावांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

 

संध्याकाळी गौलीगुड्याहून संग्राहक एकनाथरावांचा फोन आला. "आत्ताच कळलं, शिवराजसाब. बहोत बुरा हुआ. वहिनींनी शेवटपर्यंत वाचलं का हो?"