लोरेनचे तीन तास

"एका गोऱ्ह्यामागे दिवसाला तीन डॉलर दहा सेंट." डेलनं कागद टेबलावरून पुढे सरकवला. "मका, गवत, मिनरल्स, सगळं धरून. आणि पाच महिने पोसून विकला तर आजच्यापेक्षा जे जास्त येईल, ते पडतं दिवसाला चार साठ. म्हणजे दीड डॉलर हातात. चाळीस जनावरं. बरोबर ना?"

अनयानं कागद वाचला. "आधी मला त्यांना खाताना बघू दे," ती म्हणाली.

उत्तर टेक्सासमधल्या त्या काउंटीत पशुपालकांना सल्ला द्यायचं काम ती सहा वर्षं करत होती. डेल आणि त्याची बायको लोरेन दरवर्षी गोऱ्हे जरा मोठे झाले की लिलावात विकून टाकत. यंदा पहिल्यांदाच ते घरी पोसायचे, पूर्ण वजनावर आणायचे आणि मग मांसासाठी विकायचे, असं डेलच्या मनात होतं. तीन आठवड्यांपूर्वी खुराक सुरूही झाला होता. गुरुवारच्या लिलावात नाव द्यायचं तर आज, शनिवारी, दुपारपर्यंत फोन करायला हवा होता.

अनयाबरोबर तिचे वडील होते. चारुदत्त, पुलांचे इंजिनिअर, आता रिटायर्ड. वीकेंडला फ्रिस्कोहून लेकीकडे आले होते आणि तिला ही व्हिजिट कॅन्सल करता आली नव्हती. "बाबा, तुम्ही गाडीत बसलात तरी चालेल हं," ती म्हणाली होती. जन्मात अंडंही न खाल्लेल्या माणसाला ही जनावरं कशासाठी पोसतात हे जवळून बघायची हौस नव्हती. ते गाडीतच बसणार होते. पण लोरेननं येऊन दार उघडलं आणि त्यांना घरात नेलं.

आता ते सगळ्यांबरोबर कुंपणाशी उभे होते. लोरेन रोजच्यासारखी बादली भरत होती. अनयानं ती ताणकाट्याला अडकवली, आकडा बघितला, मग बाह्या सारून गव्हाणीत हात घातला. सकाळचा उरलेला चारा मुठीत घेऊन हुंगला. हजार पौंडांचं एक धूड तिच्या खांद्याला नाक लावून उभं होतं. तिनं कोपरानं त्याला बाजूला केलं, आणि ते सरकलं. लहानपणी कुत्र्याला घाबरून आपल्यामागे लपणारी मुलगी ती हीच, हे चारुदत्तांना पटायला वेळ लागला.

"तुम्ही एका गोऱ्ह्याला दिवसाला बावीस पौंड धरलेत," ती डेलला म्हणाली. "जातात पंचवीस. लोरेन बादली शिगोशीग भरतात."

"उपाशी ठेवू का त्यांना?" लोरेन म्हणाली.

"नाही, बरोबर करताय. कागद चुकलाय."

स्वयंपाकघरात परत आल्यावर अनयानं नवा कागद घेतला. खुराक, साडेतीन डॉलर. आज विकले तर पैसे आज येतील, ते पाच महिने अडकतात, त्याचं व्याज साठ सेंट. औषधं आणि एखादं दगावलं तर त्याचा वाटा, वीस सेंट. एकूण चार तीस.

"तीस सेंट उरतात," डेल म्हणाला. "थोडे आहेत. पण आहेत."

"एक ओळ राहिली. यांना रोज खायला कोण घालतं?"

"लोरेन. मी आठवडाभर धान्याचा ट्रक चालवतो. पण त्याचं काय धरायचं? ती घरीच असते."

अनयानं वाद घातला नाही. खुर्ची वळवून ती लोरेनकडे तोंड करून बसली. "दिवसाचा किती वेळ जातो तुमचा?"

लोरेननं नळ बंद केला. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ती मोजूनच बोलली. "आधी दोन तास जायचे. आता तीन. खांदा वर होत नाही ना."

"खांद्याला काय झालं?" डेलनं विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात धरला."

अनयानं लिहिलं. तीन तास, तासाला अठरा डॉलर. चोपन्न. चाळीस जनावरांत वाटले तर एक पस्तीस. एकूण पाच पासष्ट. म्हणजे प्रत्येक गोऱ्ह्यामागे, रोज, एक डॉलर पाच सेंटचा तोटा.

डेलनं कागद उचलून चारुदत्तांपुढे धरला. "तुम्ही इंजिनिअर आहात. जरा बघता का?"

चारुदत्तांनी बेरीज वरून खाली केली, मग खालून वर. अनया खिडकीबाहेर बघत राहिली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं मी एस्टिमेट्स केली. मी असतो तर ही शेवटची ओळ सुटली असती." मग लेकीकडे वळून मराठीत, हळू आवाजात, "खरंच गं. मला सुचलीच नसती."

"बाबा, प्लीज," अनया म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

डेल उठला. भिंतीवरच्या फोनवरून लिलाववाल्यांशी बोलला. "चाळीस. हो, सगळे. गुरुवारी." फोन ठेवून तो लोरेनच्या खांद्याकडे बघत उभा राहिला. कुठला खांदा ते त्याला ठाऊक नव्हतं.

लोरेननं हात पुसले, टेबलाशी बसली आणि कागद स्वतःकडे ओढला. प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. मग अनयाचं पेन घेऊन तिनं अठरावर काट मारली आणि वर लिहिलं, पंचवीस.

"अठरा तर खाद्याच्या दुकानात जूनमध्ये लागलेल्या पोरीला देतात," ती म्हणाली.

"आता विकायचं ठरलंय," डेल म्हणाला. "आता त्यानं काय फरक पडतो?"

"असू दे," लोरेन म्हणाली आणि खालची बेरीज पुन्हा करायला लागली.