उजव्या हाताच्या बांगड्या

ओहोटी लागली की दांडा गावाहून जुन्या दीपस्तंभापर्यंत खडकांवरून चालत जाता येतं. मथुरा रोज जायची. आज मागोमाग जाऊही आली. ब्याऐंशीच्या वादळात मथुराचा नवरा होडीसकट गेला, त्याला वर्ष झालं. "आतातरी बांगड्या फोड गं," जाऊ म्हणाली, "कोळीवाडा बोलायला लागलाय." मथुराने बांगड्यांचा डावा हात पदराखाली घेतला. उजवा हात सगळ्या कोळणींसारखा लग्नापासून रिकामा होता. त्यातल्या बांगड्या तिने लग्नातच समुद्राला दिल्या होत्या, धन्याला सांभाळ म्हणून. "फोडीन ना. माणूस नाही सांभाळला, तर दर्याने आधी माझ्या बांगड्या परत द्याव्यात." भरती लागली तशी जाऊ हाका मारत मागे फिरली. मथुरा दीपस्तंभाच्या खालच्या पायरीवर बसली, उजवा हात पाण्यापुढे धरून. थंडगार लाटेने बांगड्या भरणाऱ्या कासारासारखं तिचं मनगट घट्ट धरलं, आणि होतं तसंच रिकामं सोडून दिलं.