गुळाचा खडा

ममताताईंनी फाईल उघडली आणि आधी पंखा बंद केला. नंदुरबारात मिरची वाळायला पडली की पंखा वारा कमी आणि ठसका जास्त देतो. समोर भिलाआप्पा मांडीवर टोपी ठेवून बसले होते.

"आप्पा, तुमच्या भावानं नवीनच काढलंय," त्या म्हणाल्या. "वडिलांमागे मिळालेल्या जमिनीतला हिस्सा विकायचा, तर आधी बाकीच्या वारसांना विचारायचं, असं कायद्यात कलम आहे. आपला दावा त्याच कलमावर उभा आहे. चुनीलालभाऊ म्हणतात, ते कलमच घटनेला धरून नाही. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून कुणाला पहिला हक्क देता येत नाही. हायकोर्टात अर्ज गेलाय त्यांचा."

ममताताईंच्या वकिलीत घटना पहिल्यांदाच आली होती. नाही म्हटलं तरी आवाज थोडा चढला होता.

"हाई त्यान्हं सोतानं म्हननं शे, का वकीलनं?" आप्पांनी विचारलं.

"सही त्यांची आहे."

आप्पांनी मांडीवरच्या टोपीची घडी मोडून पुन्हा घडी घातली.

"कोर्ट पहिल्यांदा विचारेल, तुम्ही ही जमीन खरंच घेणार का? तशी तयारी दाखवावी लागेल."

"माले काय करनी शे जमीन? मन्हीच पडीक शे."

"मग दावा कशाला लावला?"

"नही म्हनासाठे."

ममताताईंना वाटलं, म्हाताऱ्यानं आपली गंमत चालवली आहे. पण आप्पांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत गुळाचा खडा होता, काळा पडलेला, रुमालाचे धागे चिकटलेला.

त्यांच्या गावात शेत विकायचं तर भाऊ आधी भावाच्या ओट्यावर येतो. बसतो, पाणी पितो, घेतोस का विचारतो. घ्यायचं नसेल तर दुसरा भाऊ त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतो. मग शेत खुशाल परक्याला जावं, कुणी ब्र काढत नाही. चुनीलाल विकणार असं कानावर आलं, तेव्हा आप्पांनी ओटा झाडला होता. माळ्यावरची दुसरी खुर्ची काढून पुसली होती. तो आलाच नाही. सौदा एका व्यापाऱ्याशी झाल्याचं त्यांना दूध डेअरीवर कळलं. बायको गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं.

"आप्पा, कायद्यात घ्यायचा हक्क आहे," ममताताई हळू आवाजात म्हणाल्या. "नको म्हणण्याचा वेगळा असा नाही."

मग त्यांनीच समोरच्या पक्षाच्या वकिलांना फोन लावला. यांना जमीन नकोच असेल तर भांडण राहिलं कुठे? योगायोगानं चुनीलाल तिथेच बसला होता. ममताताईंनी स्पीकर चालू करून फोन आप्पांपुढे सरकवला.

आप्पांनी टोपी डोक्यावर नीट घातली. खडा हातात घेतला.

"चुन्या, इचार."

पलीकडे कुणीतरी खाकरलं. "काय इचारू, दादा? वकीलसाहेब कागद धाडी ऱ्हायना. घर बठी सही करी दे. माले येवानी काय गरज?"

"घर नको येऊ. आठे फोनवरच इचार."

फोनमधून रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत राहिले. मग चुनीलालचे वकील बोलले, "मॅडम, संमतीपत्र लगेच पाठवतो," आणि फोन बंद झाला.

आप्पांनी खडा परत रुमालात बांधला. गाठ बसेना. ममताताईंना फार वाईट वाटलं.

"सही करणार ना?"

"नही. केस चालू ऱ्हाऊ द्या."

"ऐका माझं. हायकोर्टात तुम्हा दोघांनाही यावं लागत नाही, वकीलच उभे राहतात. भेटसुद्धा होणार नाही. वर्षानुवर्षं चालेल. आणि कलमच रद्द झालं, तर हाती काहीच लागणार नाही."

"चालू द्या." मग त्यांनी फाईलकडे बोट केलं. "त्यानी सही करेल कागदवर मन्हं नाव शे?"

"आहे ना. पहिल्याच पानावर."

"काय लिखेल शे?"

ममताताईंनी पान उलटलं आणि वाचलं, "सामनेवाला भिला हा अर्जदाराचा सख्खा थोरला भाऊ आहे."

आप्पा खुर्चीत जरा पुढे सरकले.

"परत एकदाव वाच, बेटा."