पिठावरचा राग

स्कोनचं, म्हणजे बिस्किटासारख्या छोट्या पावांचं, पीठ फार मळायचं नसतं, नाहीतर ते दगड होतात. बायकोला हे पक्कं ठाऊक आहे, पण राग आला की तिचे हात थांबत नाहीत. गेली सतरा वर्षं रविवारच्या नाश्त्याला तिचा कॉफीचा स्कोन चावला की माझा गुन्हा केवढा ते मला कळतं. मी तो मुकाट्यानं संपवतो, आणि तिचा राग उतरतो.

दुसऱ्या शहरातली तिची बढती मी तिच्या साहेबांना परस्पर फोन करून नाकारली होती, हे तिला काल कळलं.

आज सकाळी ओव्हनमधून कॉफीचा वास सुटला, तसा मी जीव मुठीत धरून टेबलाशी बसलो.

"बाबा, आज चहात बुडवून खा," लेक कुजबुजली.

बायकोनं बशी पुढ्यात ठेवली. "गरम आहेत तोवर घ्या," ती शांतपणे म्हणाली.

मी पहिला घास घेतला आणि काळजात धस्स झालं.



स्कोन कापसासारखा मऊ होता.