उन्हातली रांग

"मी घासलेत," एलिनिपा म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात. आ कर."

झुहुराने तिची हनुवटी वर केली आणि तोंडात छोटा आरसा घातला. वरच्या दातांवर तेच तपकिरी पट्टे होते, चहाच्या किटलीला आतून बसतात तसे. हिरड्या मात्र सोलवटलेल्या होत्या. कडेने रक्त फुटलं होतं.

"कशाने घासतेस गं?"

"वाळूने. ओढ्यातल्या, बारीक."

"वाळूने भांडी घासतात, दात नव्हे. उद्यापासून ब्रश घे, आणि नीट घास. जा, उन्हात."

एलिनिपा उन्हातल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

शाळेच्या पटांगणात दर गुरुवारी अशा दोन रांगा लागत. स्वच्छ दातांची जॅकरांडाच्या झाडाखाली सावलीत, घाणेरड्या दातांची समोर उन्हात. ही पद्धत झुहुरानेच पाडली होती. ती मूळची समुद्रकाठच्या पांगानीची. दातांची नर्स म्हणून मेरू नावाच्या डोंगराखालच्या या गावी तिची बदली झाली, तेव्हा ती पोटुशी होती. आल्या आल्या तिने इथल्या माणसांची तोंडं पाहिली आणि मनाशी ठरवून टाकलं, यांना दात घासायचं वळणच नाही. सावलीत कधी सात-आठांवर पोरं नसत. पोलिसाच्या दोन मुली, पाद्रीबाबांचा मुलगा, कॉफीच्या मळ्यावरच्या कारकुनाची पोरं. सगळी बाहेरगावाहून आलेली. ते तिच्या ध्यानात आलं होतं, पण तिने त्याचा अर्थ असा लावला की चांगल्या घरची पोरं कुठेही उठून दिसतात.

गावातल्या म्हाताऱ्या सांगत, "नर्सबाई, हे पाण्याचं आहे. डोंगराचं पाणी दात जाळतं."

झुहुरा हसे. "पाण्याने दात धुतात, आजी. रंगवत नाहीत." मग मांडीवरच्या आपल्या लेकीचा, रुकियाचा, ओठ बोटाने वर करून दाखवी. "ही पण तुमच्याच ओढ्याचं पाणी पिते ना? बघा. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः घासते."

एकदा एलिनिपाची आई तिथे होती. जिभेला धार असलेली बाई. ती म्हणाली, "दुधाचे आहेत ते. आमच्या पोरांचेही पांढरेच असतात, नर्सबाई. तुमचीचे पडू द्या, मग बोलू."

आज रुकियाचा शाळेतला पहिला गुरुवार होता. पहिलीची पोरं सगळ्यांत शेवटी तपासायची असत.

तिचे पुढचे दोन दात पडून गेले होते आणि त्यांच्या जागी नवे डोकावत होते. दहा दिवस झुहुरा रोज ते पाहत होती. आधी ती म्हणाली, आंब्याचा डाग असेल. मग तिने मिठाने घासून पाहिलं. मग लिंबाने. आज सकाळी चुलीतली राख घेतली. रुकिया रडायला लागली तरी तिचा हात थांबला नाही. चूळ भरल्यावर तिने पुन्हा पाहिलं. डाग वर बसलेलाच नव्हता. दात हिरडीतून आला तोच तसा आला होता.

"आ कर," झुहुरा म्हणाली.

बाजाराला निघालेल्या बायका कुंपणाशी थांबल्या होत्या. एलिनिपाची आई डोक्यावरचा केळीचा घड उतरवून उभी होती. हेडमास्तर पलांग्यो हजेरीच्या वहीत डोकं खुपसून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं.

रुकियाने तोंड उघडलं. झुहुराने आरसा आत घातला. पाहायचं काहीच नव्हतं, तरी ती पाहत राहिली. एका वाक्याचं काम होतं. ते तिच्या घशापर्यंत आलंही. पण त्या वाक्याच्या मागे आठ वर्षांचे गुरुवार उभे होते, आणि तेवढ्या गुरुवारांची पोरं.

"स्वच्छ," ती म्हणाली. "जा, सावलीत जा."

कुणी हसलं नाही. एलिनिपाची आईसुद्धा नाही. ती कुंपणापलीकडून म्हणाली, आणि तिच्या आवाजात आज धार नव्हती, "तिला जाऊ द्या सावलीत, नर्सबाई. लेकरूच आहे. पण एकदा बोला. एवढंच बोला, की आमच्या पोरांनी घासले होते."

झुहुराने आरसा फडक्याने पुसला. परत पुसला. "पुढचा कोण?" तिने विचारलं.

रुकिया हलली नव्हती.

"जा म्हटलं ना?"

"पण ते पांढरे नाहीत, आई," रुकिया म्हणाली. चुकीचं उत्तर दुरुस्त करावं तितक्या साधेपणाने.

मग ती वळली. जॅकरांडाकडे न जाता सरळ पटांगण ओलांडून उन्हातल्या रांगेशी गेली. मोठ्या पोरांमध्ये कुठे उभं राहायचं ते तिला कळेना. एलिनिपाने जरा सरकून तिला जागा दिली.

रुकियाने तिच्याकडे मान वर करून विचारलं, "इथे किती वेळ उभं राहायचं असतं?"

"मला हे पाचवं वर्ष," एलिनिपा म्हणाली.