दादाचा वाटा

खरा त्याग मूक असतो. दादाचाही तसाच होता. आठ वर्षांत त्याने तो एकदाही बोलून दाखवला नव्हता. फक्त धाकट्या भावाची चिमणी घरी आली की तो तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचा आणि सगळ्यांना विचारायचा, “कोणावर गेलीये, सांगा बघू.”

धाकट्याला ऐन बाविशीत कॅन्सर निघाला होता. औषधं कडक, पुढे मूल होईलच असं नाही. तेव्हा उपचारांआधी वीर्य गोठवून ठेवा, असं डॉक्टरांनी सुचवलं. प्रयोगशाळेतल्या त्या छोट्या खोलीतून धाकटा बाहेर आला तो घामाघूम होऊन, हातात कोरी बाटली घेऊन.

“नाही जमत, दादा. जाऊ दे. जगलो तर बघू.”

दादाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शेजारचा माणूस गडबडला की आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, ही सवय हाडात मुरलेली. काउंटरवरची बाई फोनवर होती. त्याने बाटली काढून घेतली.

“तू बस इथे. रक्त एकच आहे आपलं. कळतंय कोणाला?”

दुसऱ्या दिवशी धाकट्याला पुन्हा बोलावणं आलं. रक्ताची कसलीशी तपासणी राहिली होती म्हणे. दादा बाहेर गाडीत पेपर वाचत बसला. धाकट्याने बराच वेळ लावला आणि परत येऊन एवढंच म्हणाला, “झालं.”

पुढे धाकटा बरा झाला, त्याचं लग्न झालं, आणि त्या गोठवलेल्या ठेव्यातून चिमणी झाली. दवाखान्यात तिला उचलायला दादा सगळ्यांच्या पुढे होता, आणि परत द्यायला सगळ्यांच्या मागे.

दादाला स्वतःला मूल नव्हतं. त्याच्या बायकोचे, म्हणजे वहिनीचे, तीन डॉक्टर झाले, दोन ऑपरेशनं झाली, सुयांनी दंड काळेनिळे झाले. प्रत्येक डॉक्टर म्हणे, एकदा नवऱ्याचीही तपासणी करू. दादा मंद हसायचा. “माझ्या बाजूने काही नाही. खात्री आहे.”

खात्री तेव्हा घरी फरशीवर बसून रंगीत खडू चावत असायची.

त्या संध्याकाळी धाकटा निरोप घ्यायला आला. लांबच्या शहरात नोकरी लागली होती, सामान बांधून झालं होतं. वहिनी आत चहा टाकत होती.

“तू जा खुशाल,” दादा म्हणाला. “चिमणी इथे राहील.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय ते तुला माहीत आहे.”

“दादा, नको हा विषय.”

“इतकी वर्षं नकोच म्हणालो ना? बाप म्हणून तू मिरवलास, काका म्हणून मी घोडा झालो. तक्रार नाही. पण मला न विचारता पोर उचलून चाललास? हा दगा आहे. माझा वाटा आहे तिच्यात.”

आतला कपबशांचा आवाज थांबला. दादाच्या ते लक्षात आलं, पण आता ब्रेक लागेना.

धाकटा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“त्या दिवशी रक्ताची तपासणी नव्हती, दादा.”

“मग?”

“तुझ्या बाटलीत काही नव्हतं. एकही शुक्राणू नाही. त्यांनी दोनदा बघितलं. त्यांना वाटलं, माझ्याच आजारामुळे असेल, म्हणून परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी मला जमलं.”

दादाचा हात आपल्याच हनुवटीवर गेला.

“मग बोलला का नाहीस?”

“तू केवढा खूश होतास.”

वहिनी दारात उभी होती. कधीपासून, ते दोघांनाही माहीत नव्हतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला. धाकट्याकडे पाहिलं नाही, दादाकडेही नाही. फोन उचलून चौथ्या डॉक्टरांचा नंबर लावला.

“उद्याची वेळ तशीच राहू द्या,” ती म्हणाली. “फक्त पेशंटचं नाव बदलायचंय.”